चाक वाजू नये म्हणून

बिभीषणची पिकअप गावात यायच्या आधी तिचा आवाज यायचा. मारुतीच्या उतारावर त्यानं ब्रेकवर पाय दिला की अशी काही किंचाळी निघायची की वस्तीवरच्या म्हशी पान्हा चोरायच्या आणि शेजारची झुंबरबाई कपाळाला हात लावून म्हणायची, "आला, कुणाचा तरी गळा कापीत आला." सुरुवातीला गावाला त्रास झाला, मग सवय झाली आणि शेवटी सोय झाली. आवाज ऐकला की बायका चुलीपुढून उठून दुधाच्या किटल्या घेऊन दारात उभ्या राहायच्या. पोरं दप्तर भरायला लागायची. गावात घड्याळं होती, पण ती आपापसात जुळत नव्हती. पिकअप मात्र सगळ्यांना सारखीच ऐकू जायची.

दसरा झाला आणि आवाज बदलला. किंचाळणं गेलं आणि खरडणं आलं. पालथ्या तव्यावर उलथनं ओढावं तसं. पाय ब्रेकवर ठेवला की पायातून मांडीपर्यंत मुंग्या यायच्या. गाडी थांबायची, पण उपकार केल्यासारखी थांबायची.

बिभीषण डेअरीचं दूध वाहायचा. सकाळी आणि संध्याकाळी माळावरच्या वस्त्यांचं दूध कॅनमध्ये गोळा करायचं आणि तिसगावच्या अलीकडं डेअरीच्या केंद्रावर पोचवायचं. हा रूट मिळाला म्हणून त्या घराला त्या वर्षी ऊसतोडीला जायचं नव्हतं. आजवर दर वर्षी दसऱ्यानंतर मुकादम गोरक्षनाथचा ट्रॅक्टर गाव गोळा करायचा आणि त्यात बिभीषण आणि त्याची बायको सत्यशीला असायचीच. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. सत्यशीला लग्न होऊन आली तेव्हापासून अर्धा कोयता होती. उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून वाहून तिची मान एका बाजूला धरली होती. कुणी हाक मारली तर ती मान न वळवता सगळीच वळायची. रूट मिळाला त्या दिवशी तिनं देवापुढं दिवा लावला आणि नवऱ्याला सांगितलं, "आता कोयता धरायचा न्हाई. तुमी धरा न्हाई तर मोडा, म्या धरायची न्हाई." बिभीषण म्हणाला, व्हय. तो बहुतेक गोष्टींना व्हय म्हणायचा, पण हे त्यानं मनापासून म्हटलं होतं.

दसऱ्यानंतर एका सकाळी केंद्रावर गाडी लागली तेव्हा डेअरीचे साहेब दोन्ही कानांत बोटं घालूनच बाहेर आले. बिभीषणनं गाडी बंद केली तरी त्यांनी बोटं काढली नाहीत. म्हणाले, आजूबाजूचे लोक तक्रार करतात, आपण दूध आणतो, वरात नाही. उद्या सकाळी गाडी बिनआवाजाची आली पाहिजे, नाहीतर रूट दुसऱ्याला देऊ. दुसरा तिथंच उभा होता. त्याचं नाव सुनील. शेजारच्या गावचा. त्याची पिकअप नवी होती आणि ती नुसती फुरफुरायची. सुनील त्या वेळी आभाळाकडं बघत होता. आभाळात काही नव्हतं.

बिभीषण तसाच पाथर्डीला गेला. पण दसरा झाला की त्या भागातले सगळे मिस्त्री ट्रॉल्यांच्या खाली आडवे झालेले असतात. कारखाने सुरू व्हायचे, ट्रॅक्टर निघायचे, प्रत्येकाला आजच निघायचं असतं. गॅरेजच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागलेली. एका ट्रॉलीखालून दोन पाय बाहेर आले होते. बिभीषणनं त्या पायांना सगळी हकिकत सांगितली. पाय ऐकत होते. मधूनमधून अंगठा हलत होता. शेवटी पाय म्हणाले की दिवाळीनंतर ये. बिभीषण म्हणाला, उद्या सकाळची गोष्ट हाय. तेव्हा पाय म्हणाले, पॅड संपलेत, दुकानातून नवे घेऊन जा आणि घरीच टाक, त्यात काय हाय, चाक काढायचं, जुने काढायचे, नवे घालायचे. नवे काही दिवस खसखस करतील, घासून बसले की गप होतील. एवढं बोलून पाय आत ओढले गेले.

पॅडचं खोकं घेऊन तो दुपारी घरी आला. संध्याकाळच्या खेपेचं काय, हा प्रश्न होता. ती एक खेप सुनीलनं करायची असं ठरलं; सुनीलनं ते इतक्या पटकन कबूल केलं की बिभीषणला भरून आलं. सत्यशीलाला भरून आलं नाही. ती म्हणाली, "दुधावर मांजर राखण बसवून आलात." आणि चुलीकडं सगळीच वळली.

आता मिस्त्री पाहिजे होता. गावात एकच माणूस होता ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. मच्छिंद्र. मच्छिंद्र चाकणला ब्रेकच्या कंपनीत होता. तिथनं तो का परत आला याबद्दल मतं वेगवेगळी होती, पण तो ब्रेकच्या कंपनीत होता याबद्दल एकमत होतं. मच्छिंद्रनंही कधी ते नाकारलं नाही. फक्त तो तिथं पॅकिंगला होता, एवढं त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि न विचारलेलं सांगायची त्याला सवय नव्हती. ब्रेकचा पॅड खोक्यात कसा बसतो हे त्याच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नसेल. चाकात कसा बसतो, ते तो आज बघणार होता.

मच्छिंद्र आला तो हातात पान्यांचा डबा आणि मागं दहा-बारा माणसं घेऊन. गाडी कडुनिंबाखाली घेतली. त्याच सावलीत बाजेवर बिभीषणचे वडील, पुंजाराम आबा पडलेले होते. आबांना आता कमी ऐकू यायचं आणि गुडघे वाकत नव्हते. एके काळी ते उसाच्या बैलगाडीवर होते. फडातून कारखान्यापर्यंत वीस-पंचवीस गाड्यांची माळ चालायची आणि त्यात आबांची गाडी पुढं असायची. बैल गेले, गाडी विकली, आणि आबा बाजेवर आले. घरातलं कोणतंही काम करायला ते उठले की कुणीतरी म्हणायचं, "बसा आबा." दिवसातून इतक्या वेळा ते बसायचे की उठलेले कधी होते हे आठवायचं नाही.

मच्छिंद्रनं ठरवलं की दोन्ही पुढची चाकं एकदमच काढायची. का, ते त्यानं सांगितलं नाही. चेहरा मात्र असा केला की विचारायची कुणाची छाती झाली नाही. मागच्या चाकांना दगड लावले. जॅक लावून एक बाजू उचलली, खाली ओंडका सारला, मग दुसरी उचलली, तिथं दगड सारला. नट जॅम होते. बिभीषणनं पान्यावर पाय ठेवून सगळं अंग टाकलं, पाना सुटला आणि तो स्वतःच मातीत बसला. कुणी हसलं नाही. हसायचं होतं, पण पुढं अजून बरंच असणार या हिशेबानं लोकांनी राखून ठेवलं.

चाक निघालं. आत लोखंडाची तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून बसलेला चिमटा. त्या चिमट्यात पॅड. जुने पॅड काढले तर त्यांच्यावरचा काळा थर गेलेला, नुसतं लोखंड राहिलेलं. तबकडीवर गोल गोल चरे पडले होते. बिभीषणनं त्यावरून बोट फिरवलं. इतके दिवस या लोखंडावर आपण उतार उतरत होतो, हे त्याच्या बोटाला कळलं आणि त्यानं बोट काढून घेतलं.

पुढचं काम पिस्टनचं होतं. नवे पॅड जाड, म्हणून आतला पिस्टन मागं दाबावा लागतो. मच्छिंद्रच्या मोबाईलवर एक माणूस ते हिंदीतून दाखवत होता. त्यानं अंगठ्यानं दाबला आणि पिस्टन लोण्यासारखा आत गेला. मच्छिंद्रनं अंगठ्यानं दाबला, मग तळव्यानं, मग दोघांनी मिळून. पिस्टन हलला नाही. नेमकी त्याच वेळी मोबाईलची रेंज गेली आणि हिंदीवाला माणूस तोंड उघडं ठेवून थांबला. मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला पाणी मारा, दुसरा म्हणाला तापवा, तिसरा म्हणाला त्याच्या मेव्हण्याकडं अशीच गाडी होती, ती त्यानं विकली. शेवटी पहारीनं रेटायचं ठरलं. पहार घसरली आणि बिभीषणच्या चार बोटांची साल गेली. त्यानं हात तोंडात घातला. तेवढ्यात पिस्टन गपकन आत गेला आणि बॉनेटखालच्या डबीतून ब्रेक ऑईल उसळून बाहेर आलं. मच्छिंद्र म्हणाला, हे असंच व्हायला पाहिजे. त्याच्या तोंडावरून मात्र तसं वाटलं नाही.

नवे पॅड मच्छिंद्रनं बसवले. खोक्यात ते पाठीला पाठ लावून असतात. तसेच त्यानं तबकडीला पाठ लावून बसवले आणि मागं सरकून समाधानानं बघितलं. सत्यशीला चहाचे कप गोळा करायला आली होती. ती अंग वळवून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, लोखंडावर लोखंडच घासायचं असंल, तर जुने काय वाईट हुते. मच्छिंद्रनं पॅड काढले, उलटे केले आणि म्हणाला, "तेच करणार हुतो, वहिनी." तेव्हा लोक राखून ठेवलेलं सगळं हसले.

दोन्ही बाजूंचे पॅड बसले. मच्छिंद्रनं तबकडी हातानं फिरवली. खस्स, खस्स, खस्स. बिभीषणचा चेहरा पडला. मच्छिंद्र म्हणाला, नवीन हाय, घासून बसंल. पाथर्डीच्या पायांनीही हेच सांगितलं होतं, म्हणून बिभीषणनं मान हलवली. पण उद्या सकाळी साहेबाच्या कानातली बोटं निघतील का, हे त्याला काही कळेना, आणि तो ते मोठ्यानं बोलून बसला.

आबांना कमी ऐकू यायचं, पण चाकाचा आवाज त्यांना ऐकू यायचा. ते कोपरावर उठले. दुपारपासून घरात जे चाललं होतं त्यातलं त्यांना एवढं कळलं होतं की गाडी वाजते म्हणून धंदा जाणार. आणि ते त्यांना अगदी पटलं होतं. उसाच्या माळेत ज्याची गाडी करकरायची त्याला मुकादम मागं टाकायचा. करकरणाऱ्या गाडीवाल्याला सोयरीक मिळायची नाही. ज्याला आसाला वंगण घालवत नाही तो पोरीला काय खाऊ घालणार, असं लोक बोलायचे. आबांची गाडी रात्री उशाशी जाऊन उभी राहिली तरी माणूस जागा होत नसे, अशी तिची ख्याती होती.

"वंगण घाला," आबा म्हणाले.

"आबा, ही बैलगाडी न्हाई," मच्छिंद्र म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले. लोकांबरोबर आबाही थोडे हसले. ब्रेकला वंगण का घालायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ती सांगायची गोष्ट आहे असंच कुणाला वाटलं नाही.

कामाला आलेल्या माणसाला जेवू घातल्याशिवाय चाक लावायचं नाही, असं सत्यशीलानं सांगितलं. तिनं शेंगोळे केले होते. बघे पांगले. मच्छिंद्र आणि बिभीषण हात धुऊन आत गेले. आबांचं जेवण आधीच झालं होतं. बाहेर सावलीत पिकअप तोंड वर करून उभी, दोन्ही बाजूंच्या तबकड्या उघड्या.

आबा उठले. "बसा आबा" म्हणायला कुणी नव्हतं. भिंतीला धरून ते गोठ्याच्या खुंटीपर्यंत गेले. तिथं त्यांच्या गाडीचं वंगणाचं नळकांडं टांगलेलं होतं. गाडी घेणाऱ्यानं ते मागितलं होतं, आबांनी हरवलं म्हणून सांगितलं होतं. आतलं वंगण वाळून घट्ट झालं होतं. आबांनी ते उन्हात धरलं, बोटानं ढवळलं, दोन थेंब गोडं तेल टाकलं. मग चाकापाशी येऊन गुडघे वाकेनात म्हणून एका कुशीवर आडवे झाले, आणि पडल्या पडल्या काम सुरू केलं. तबकडीच्या आतल्या अंगाला, बाहेरच्या अंगाला. पॅड आणि तबकडीच्या फटीत बोटाचं पेर घालून घालून. तबकडी हळूहळू फिरवायची, थोडं भरायचं, पुन्हा फिरवायची. वंगण वर दिसता कामा नये, ते आत मुरलं पाहिजे, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नेम. म्हणून बाहेरची बाजू त्यांनी धोतराच्या सोग्यानं लखलखीत पुसून काढली. एका बाजूचं झाल्यावर ते सरपटत दुसऱ्या बाजूला गेले. शेवटी त्यांनी तबकडी फिरवली. ती फिरली. आवाज नाही. आबांनी कान जवळ नेला. नाहीच. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातून एक काम पुरं झालं होतं. ते बाजेवर जाऊन पडले आणि त्यांना धाप लागली, पण धाप बरी वाटली.

जेवून आलेल्या मच्छिंद्रनं ढेकर देत तबकडीला हात लावून फिरवलं. ती गुपचूप फिरली.

"बसलं. बसंल म्हनलं नव्हतं का," तो म्हणाला.

आबांनी ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. पाहुण्याच्या कौतुकात आपण कशाला पडायचं, एवढं त्यांना कळत होतं.

चाकं चढली, नट आवळले, गाडी खाली उतरली. बिभीषण आत बसला, त्यानं ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला गेला. तो पांढरा पडला. मच्छिंद्र म्हणाला, मार, मारत ऱ्हा. चार-सहा वेळा दाबल्यावर पाय घट्ट लागला. मग त्यानं अंगणातल्या अंगणात गाडी पुढं नेली, मागं घेतली, थांबवली. थांबली. मागच्या चाकांना ब्रेक होतेच, अंगण सपाट होतं आणि गाडी रिकामी होती. तिनं हूं की चूं केलं नाही. झुंबरबाई दारात येऊन म्हणाली, बाई, आता दूध घेऊन कवा उभं ऱ्हायचं ते कसं कळायचं.

बिभीषणला मारुतीच्या उतारापर्यंत एक चक्कर मारून यायचं होतं. पण दिवेलागण झाली होती आणि तिन्हीसांजेला दुरुस्त केलेली गाडी वेशीबाहेर काढायची नाही, असं सत्यशीला म्हणाली. सकाळी नारळ फोडू, मग निघा. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच त्याच्याशी हसून बोलली होती. तो व्हय म्हणाला.

सकाळी तिनं बॉनेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू फुटलं. गाडी गेली.

माळावर सगळं सपाट. बिभीषण वस्तीवस्तीवर थांबत कॅन भरत गेला. गाडी जरा पुढं जाऊन थांबायची. एके ठिकाणी किटली घेऊन उभ्या बाईच्या चार पावलं पुढं जाऊन उभी राहिली, ती हसली. नवीन हाय, घासून बसंल, तो मनाशी म्हणाला. कॅन भरत गेले तशी गाडी अजून पुढं जाऊन थांबायला लागली. पण आवाज नव्हता. ते सुख इतकं नवं होतं की बाकीचं सगळं त्यानं त्या सुखात घातलं.

मारुतीच्या उताराला लागल्यावर त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. पाय घट्ट लागला. गाडी चालत राहिली. त्यानं आणखी दाबला. गाडी आणखी चालली. तो सीटवरून उचलला गेला, दोन्ही पाय ब्रेकवर, पाठ सीटला रेटलेली, दात दातांवर, आणि खाली लोखंडावरून पॅड साबणासारखे सरकत होते. हँडब्रेक मागच्या मालकाच्या काळातच निवृत्त झाला होता. गिअर खाली टाकायला गेला तर तो कुरकुरून परत आला. उताराच्या तळाला पार, आणि पाराजवळ शाळेची पोरं एसटीची वाट बघत उभी असतात. बिभीषणनं हॉर्न दाबून धरला. पण हॉर्नला त्या गावात कोण बघतं. गाव ब्रेकच्या आवाजाला बघायचं, आणि तो आज नव्हता. पोरांची पाठ त्याच्याकडं होती. एकीच्या दप्तरावर फुलपाखरू होतं, ते मोठं होत आलं.

त्यानं स्टिअरिंग उजवीकडं ओढलं. उजवीकडं मुकादम गोरक्षनाथचा उकिरडा होता. पिकअप त्यात बॉनेटपर्यंत शिरली आणि एखाद्या म्हशीसारखी सुस्कारा टाकून थांबली. मागचे कॅन एकमेकांवर चढले, झाकणं उडाली, आणि सगळ्या माळाचं दूध पांढरी धार होऊन उतारावरून पाराकडं गेलं. पोरं तेव्हा वळली. कुत्री त्याआधीच आली होती.

कुणालाही काही झालं नव्हतं. गर्दी जमली, बिभीषणला दार उघडून काढलं. उभं केलं की तो बसत होता. डेअरीत फोन कुणी केला ते कळलं नाही, पण साहेबांचा फोन लगेच आला. ते रागावले नाहीत. म्हणाले, माणूस सुखरूप आहे ना, मग झालं. आणि म्हणाले, संध्याकाळपासून सुनीलची गाडी येईल, तू आराम कर. रागावले असते तर बिभीषणला काही बोलता आलं असतं.

गाडी गोरक्षनाथच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. उकिरडा त्याचा, ट्रॅक्टर त्याचा, तरी त्यानं भरपाईचं नावही काढलं नाही. साखळी सोडताना एवढंच म्हणाला, "सोमवारी निघतोय. एका कोयत्याची जागा हाय." गर्दीबरोबर धावत आलेली सत्यशीला रिकामा कॅन पाण्यानं विसळत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

दारात गाडी आली तेव्हा निम्मं गाव तिच्याबरोबर आलं. ज्यांचं दूध सांडलं होतं ते पुढं होते. मच्छिंद्र कधी नव्हे तो घाईत आला. त्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. त्यानं कुणाला हात लावू दिला नाही, सगळ्यांसमोर चाक काढलं, चिमटा उघडला, पॅड बाहेर ओढले. ते काळ्या वंगणानं माखलेले होते. दुसरं चाक काढलं. तेच.

मच्छिंद्रच्या तोंडावर रंग आला. "बघा. बघून घ्या. माझं काम चोख हुतं. कुणीतरी वंगण भरलंय."

कुणीतरी म्हणजे कोण, हे ठरायला वेळ लागला नाही. काल संध्याकाळी दुधाच्या खेपेला सुनील गावात आला होता. रूट आता त्यालाच मिळाला होता. कुणी म्हणालं, त्याला बोलवा. कुणी म्हणालं, बोलवता कशाला, आपणच जाऊ. एकानं ट्रॅक्टरमधून लोखंडी टॉमी उपसली. शाळेच्या पोरांची आठवण निघाली आणि आवाज चढले. सुनीलच्या घरी म्हातारी आई आणि बायको, दोन किलोमीटरवर. लोक चपला घालायला लागले. बिभीषण पॅड हातात घेऊन नुसता उभा होता. वंगणाला गोड्या तेलाचा वास येत होता.

सत्यशीला आबांच्या बाजेजवळ उभी होती. आबा कालपासून तेच धोतर नेसून होते. त्याच्या सोग्यावर काळे डाग होते, पाची बोटांच्या नखांत काळं होतं. हे तिला सकाळीच दिसलं होतं, तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नव्हता. तिनं सोगा बाजेखाली सारला आणि गर्दीकडं सगळीच वळली.

"सुनील न्हाई. म्या लावलं," ती म्हणाली. "वाजू नये म्हणून."

गर्दी थांबली. मग कुणीतरी नाकातून हसलं, आणि मग बरेच हसले, कारण टॉमी हातात घेऊन उभं राहण्यापेक्षा ते सोपं होतं. मच्छिंद्र म्हणाला, "वहिनी, ब्रेकला कुणी वंगण लावतं व्हय?"

"मला बाईमानसाला काय ठाऊक."

झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. ज्यांचं दूध गेलं होतं त्यांनी बायकांच्या अकलेबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. बिभीषण बायकोकडं बघत होता. ती गाडीच्या बॉनेटला कुंकू लावायची, त्यापलीकडं तिनं गाडीला कधी हात लावला नव्हता. मग त्याची नजर बाजेखाली गेली.

आबांना लोक हसताना दिसले. सुनेचं नाव निघालंय आणि वंगणाचं काहीतरी चाललंय, एवढं त्यांना ऐकू आलं. ते कोपरावर उठले.

"तिनं न्हाई," आबा मोठ्यानं म्हणाले. "तिला कुठलं जमतंय ते. म्या लावलं. दोन्ही चाकांस्नी, आतून बी." आणि पुरावा म्हणून त्यांनी हात पुढं केला.

हसणं जागच्या जागी राहिलं. टॉमीवाल्यानं टॉमी ट्रॅक्टरमध्ये परत ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ न देता. गोरक्षनाथ स्वतःच्या चपलांकडं बघायला लागला. मच्छिंद्रनं बाकीचे पॅड उचलले आणि काही सुचेना म्हणून ते खोक्यात घालायला लागला. पाठीला पाठ, अगदी बरोबर.

"आता वाजत न्हाई ना?" आबांनी मुलाला विचारलं.

बिभीषण बाजेपाशी आला. "न्हाई, आबा," तो म्हणाला. "अजिबात न्हाई वाजली."

"मंग झालं तर. उतार हाय म्हनल्यावर कवा तरी घसरायचीच. बैलं नव्हती का घसरत." आबा गर्दीकडं बघून म्हणाले. मग त्यांना गोरक्षनाथ दिसला, आणि दर वर्षीच्या सवयीनं त्यांनी काय ते ओळखलं. त्यांनी विचारलं, कवा निघायचं. गोरक्षनाथ म्हणाला, सोमवारी.

दर वर्षी ट्रॅक्टर गेला की घरात आबा एकटे उरायचे. झुंबरबाई भाकरी आणून द्यायची आणि बाकीचा दिवस तसाच असायचा. पण या वेळी त्यांचा चेहरा हळूहळू उजळत आला.

"पर गाडी हितंच ऱ्हाणार ना? मंग काळजी करू नका. म्या हाय. तुमी येस्तवर रोज वंगण लावीत जाईन."

सगळे बिभीषणकडं बघायला लागले आणि बिभीषण सत्यशीलाकडं.

"लावा, आबा," ती म्हणाली, आणि कोयते काढायला आत गेली.